बिरप्पाचे दोन लेक

हळ्ळीखेडच्या बसस्टँडसमोर माझं नेटचं दुकान आहे. आधी तिथं एसटीडी बूथ होता. मोबाइल आले, बूथ बसला, म्हणून मी कॉम्प्युटर मांडले. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघणारी पोरं, अर्ज भरणारी पोरं आणि काहीच न करता पंख्याखाली बसणारी पोरं. त्यांच्यात दोन हजार नऊ साली तुळजारामअप्पा येऊन बसला.

पन्नाशी उलटलेला, उन्हानं रापलेला धनगर. चपला दाराबाहेर काढून आत आला. मी म्हटलं असू द्या पायात, तर म्हणाला, "विद्येची जागा हाय." पोरं फिदीफिदी हसली. त्याला त्याचं काही नव्हतं.

"व्यंकटअण्णा, ह्याच्यात मानसाचं मूळ सापडतंय म्हनं. व्हय?"

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये अप्पा," मी म्हणालो.

"आमी कुटं ऋषी हावं? मेंढरामागची मानसं आमी. आमचं शोधायला काय हरकत हाय?"

त्याच्या बापानं मेंढरं विकली आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी धरली. तुळजाराम त्याच्याही पुढं गेला. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास बायको-पोरीला घेऊन हैदराबादला गेला, आधी बांधकामावर आणि मग एका मोठ्या बिल्डिंगीवर वॉचमन. तिथल्या मालकानं भिंतीवर काचेत घराण्याची वंशावळ लावली होती. बाप, आजा, पणजा, वर पार कुठल्या कुठं. तुळजाराम रोज ती पुसायचा. त्याला स्वतःच्या पणज्याच्या पलीकडं एक नाव ठाऊक नव्हतं. हे त्याच्या मनाला लागलं ते गावी परतल्यावरही लागलेलंच.

पूर्वी अशी वेळ यायची नाही. दरसाल सुगीला बैलावर बसून हेळवी यायचा, दारात उभा राहून घराण्याची नावं घडाघडा म्हणायचा आणि सुपातली ज्वारी घेऊन जायचा. कोण कुणाचा भाऊबंद, कुणाशी सोयरीक चालते, सगळं त्याच्या जिभेवर. तो हेळवी म्हातारा होऊन वारला. त्याची मुलं सोलापूरला हमाली करतात. बापाला पाठ असलेली नावं त्यांनी शिकून घेतली नाहीत, आणि का घ्यावीत? त्यात पोट भरत नव्हतं.

तर अप्पा शिकला. एका बोटानं शिकला. वंशावळीच्या साईटवर फुकटचे धडे होते, एक हिंदी बोलणारी बाई फळ्यावर रेघा काढून शिकवायची. व्हिडिओ मधेच अडकायचा, बाईचं तोंड उघडं राहायचं, आणि अप्पा हात जोडल्यासारखा ती पुन्हा बोलायची वाट बघायचा. कुणाकुणाला काय विचारावं, जुने दाखले कुठं मिळतात, लोक एकमेकांना कशी माहिती देतात, सगळं त्यानं डोक्यात ठेवलं. मी तर सांगेन, माझ्या दुकानात कॉम्प्युटरचं पुण्य कुणी कमावलं असेल तर त्यानंच.

पण एका धड्यापाशी तो अडला. बाईनं सांगितलं होतं, नाव नक्की ठाऊक नसेल तर जागा रिकामी ठेवा, अंदाज असेल तर पुढं प्रश्नचिन्ह लावा. पणज्याच्या वरचा चौकोन रिकामाच होता.

"रिकामा कसा ठिवू? पित्राला आमी ताट वाढतो की त्याला."

"कुठलं नाव घेऊन?"

"बिरप्पा म्हनतो, म्हंजी आमचा बिरोबा. नाव हारवलं की देवाचं नाव घ्यायचं, आमच्यात तसंच हाय. पितर उपाशी जाऊ नये."

"मग बिरप्पा लिहा आणि पुढं प्रश्नचिन्ह लावा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या बापाला शिवी दिली. "वाडवडलाच्या नावापुडं शंका लावू व्हय मी? कामून?" आणि त्यानं ठोकून बिरप्पा लिहिलं, गाव करजगी. कारण मूळ गाव अफझलपूरकडचं करजगी, एवढं त्याच्या आजीनं सांगितलं होतं. मी पुढं वाद घातला नाही. देवाचं नाव आहे, बिचारं काय वाईट करणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, तेजश्रीचं लग्न ठरलं. पोरगी गुणाची, डी.एड. झालेली, बापासारखीच हट्टी. मुलगा भीमाशंकर, पुण्यात चाकणला कंपनीत. त्या घराण्याचं मूळही करजगीकडचंच, पण पुण्यात जाऊन त्यांनी आडनाव करजगे करून टाकलेलं, म्हणून जुनं कूळ कुणाच्या ध्यानात नव्हतं. साखरपुडा झाला. मग फोन सुरू झाले. तेजश्री रिचार्ज करायला माझ्याकडं यायची आणि कारण नसताना हसायची. मला फार बरं वाटायचं तिला बघून.

लग्न महिन्यावर आलं असताना साईटवरून अप्पाला निरोप आला, तुमच्या झाडाशी, म्हणजे वंशावळीशी, आणखी एक झाड जुळतंय. आम्ही दोघांनी उघडलं. वर बिरप्पा, गाव करजगी. त्याला दोन लेक. एकाच्या खाली उतरत उतरत तुळजाराम. दुसऱ्याच्या खाली ज्ञानोबा करजगे, त्याचा भाऊ, आणि भावाचा मुलगा भीमाशंकर.

अप्पानं पडद्यावर बोट टेकवून दोन्ही रेघा वरपर्यंत नेल्या. एका कुळातले. म्हणजे नवरानवरी भाऊबहीण.

मी म्हणालो, "अप्पा, घाई करू नका. आधी नीट विचारा त्यांना." त्यानं विचारलंही. मुलाच्या बापाला माझ्या दुकानात बोलावून घेतलं. त्यानं तिथंच बसून पुण्याला भावाला, म्हणजे ते झाड मांडणाऱ्या ज्ञानोबाला फोन लावला; सगळे त्याला ग्यानबा म्हणायचे. "बिरप्पा आपलाच का रे?" पलीकडून आवाज आला, "व्हय, आपलाच मूळपुरुष." झालं. दोन घरं, दोन झाडं, एकच नाव. यापुढं कुणी काय बोलायचं?

साखरपुडा मोडला तर लोक मुलीलाच नावं ठेवतात. त्यावर तोड तुळजारामनंच काढली. बिरोबाच्या देवळात चार माणसांसमोर तेजश्रीनं भीमाशंकरला भाऊ म्हणून ओवाळायचं. त्यानं बहिणीला साडी द्यायची. मग कुणाची जीभ उचलली जायला नको. मी होतो तिथं. ओवाळताना निरांजन दोनदा विझलं. भीमाशंकरनं मान वर केली नाही. आणि तुळजाराम, मला सांगायलाही नको वाटतं, रडत होता पण छाती काढून उभा होता. मोठा अधर्म आपल्या शिकण्यानं टळला, असं त्याला मनापासून वाटत होतं. घरी जाताना त्यानं ती साडी वाटेवरच्या प्रत्येक घरी दाखवली.

पुढच्या सुगीत ग्यानबा गावाकडं आला. नवा सापडलेला भाऊबंद म्हणून तुळजारामनं त्याला जेवू घातलं आणि हौसेनं माझ्या दुकानात आणलं. दोघं खुर्च्या जोडून बसले. दोघांच्या झाडांत आणखी नावं भरायची होती.

"ग्यानबाअण्णा, बिरप्पाचं नाव तुमाला कुनी सांगितलं? तुमच्या आज्यानं?"

ग्यानबा म्हणाला, "छ्या! आज्याला कुटं काय ठाऊक होतं! मी तुमच्याच झाडावरनं घेतलं की. गाव करजगी बघितलं, म्हनलं हे आपलेच असनार. आमचा पनजा त्याचा दुसरा लेक म्हनून जोडला. तुमी शंकाबिंका कायबी लावली नव्हती, म्हंजी खात्रीचंच असंल."

मला तुळजारामच्या तोंडाकडं बघवेना. मी उगाच उठून झेरॉक्सचे कागद सारखे करत बसलो.

त्यानं स्वतःच्या झाडावरचं नाव पुसलं. पण तोवर लातूरच्या, उदगीरच्या, आणखी कुणाकुणाच्या झाडांवर तो बिरप्पा जाऊन बसला होता. लोकांना मूळपुरुष हवाच असतो, आणि आयता मिळाला तर कोण सोडतो? अप्पानं मला घरी चल म्हटलं. एकट्याला सांगायचं बळ नव्हतं त्याच्यात.

तेजश्री ओसरीवर तूर निवडत होती. बाणूबाई, तिची आई, चुलीपाशी होती. तुळजाराम लेकीसमोर जमिनीवर बसला.

"बाई, चूक माजी हाय. त्यो तुजा भाऊ न्हाई. अजून त्याचं लगीन झालं न्हाई. मी जातो, पाया पडतो त्येंच्या."

तिनं तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "अप्पा, मी देवापुडं ओवाळलंय त्याला. दिवाळीला तो आला, मला ताई म्हनून गेला. तुमी गावभर त्याची साडी दाखवली. आता भाऊ न्हाई म्हनायलाव. मग तो माजा कोन लागतोय, ते तरी सांगा."

त्यानंतर तुळजाराम माझ्या दुकानात आला नाही.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात तेजश्रीला जनवाड्याच्या स्थळी दिली. माणूस बरा आहे, थोडा वयानं मोठा. मांडवात कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम देतो, सगळे हसतात. भटजींनी विचारलं, मुलीचा भाऊ कोण? बायकांनी आपसूक वाट करून दिली आणि भीमाशंकर पुढं आला. त्यानं नवरदेवाचा कान धरला. म्हणायचं ते शब्द त्याच्या तोंडून फुटेनात. लोक हसायला लागले, की पोरगा लाजतोय. तेव्हा तेजश्रीनंच मुंडावळ्या सारून त्याच्याकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "पीळ की रे, दादा."