रंजीता आणि एकेचाळीस घरांचे अंगठे

—तर मॅडमनी तो कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला आणि म्हणाल्या, "रंजीता, ही तर एकच सही आहे. बाकीच्या चाळीस घरांच्या सह्या कुठं आहेत?"

काल आपण इथंच थांबलो होतो. मधे भाजलेल्या शेंगा आल्या आणि माझी गाडी भुईमुगावर घसरली, ते जाऊ द्या. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो, म्हणजे कागद कसला, मॅडम कोण आणि रंजीता कोण, ते कळेल.

रंजीता ही अनसिंगच्या पलीकडच्या तांड्यावरची, कमलीबाईची थोरली लेक. वय आता एकोणतीस. माझी अनसिंगात पिठाची चक्की होती, तेहेतीस वर्षं चालवली, आता लेक चालवतो. तांड्याचं दळण माझ्याकडंच यायचं. त्यामुळं डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन येत होती तेव्हापासून ही पोर मला ठाऊक. तांड्याची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. रंजीताला आईबाप शाळेसाठी मागं ठेवायचे, शेजारच्या नानीबाईजवळ. नानीबाई नात्यानं कोण, तर कोणीच नाही. तिला मूल नव्हतं. पण दर वर्षी सहा महिने तिच्याच चुलीवर ही पोर वाढली. तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. सख्खी आई रागावली की हिचं ठरलेलं उत्तर, "तू पावसाळ्याची याडी, ते हिवाळ्याची!"

तांड्याची बोली गोरमाटी आणि शाळा मराठी. पहिलीत गेली तेव्हा हिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. गुरुजी डब्याजवळ आले, मायेनंच विचारलं, आज काय आणलं म्हणून. हिला वाटलं, गुरुजी भुकेले आहेत, डबा मागून राह्यले. दिला उचलून. गुरुजी बिचारे डबा हातात धरून उभे, आणि ही दिवसभर उपाशी. संध्याकाळी नानीबाईनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन डबे बांधून दिले, एक हिचा, एक गुरुजींचा! पंधरा दिवस गुरुजींना ज्वारीची भाकर आणि ठेचा मिळाला, का मिळतो ते त्यांना कळेना. ही गोष्ट नानीबाई चक्कीवर पाळी येईपर्यंत रंगवून रंगवून सांगायची आणि बाया पदरानं तोंड झाकून हसायच्या.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण वर्षाअखेर पोरीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडला, 'मुलगी मंद आहे.' तो शेरा हिनं जपून ठेवला. वाशीमला बी.ए. झाली, अमरावतीला एम.ए. झाली, आणि पीएच.डी.साठी विषय घेतला तोच. घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, अशी लेकरं शिकतात कशी? तिला शिकवणाऱ्या, मार्ग दाखवणाऱ्या त्या मॅडम. बाई भली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षं रंजीता फोनवर रेकॉर्डिंग करत तांड्यावर हिंडली. लेकरांचं बोलणं, आयांचं बोलणं. पण या सगळ्यात एक प्रकरण होतं, ज्याच्यावर तिचा खरा जीव. ते नानीबाईचं.

तुम्हाला ठाऊक असेल नसेल, तांड्यावर लग्नाआधी नवरीला रडायला शिकवतात. त्याला ढावलो म्हणतात. सासरी जाताना आईच्या, भावाच्या, घरच्या गाईच्या, आपल्या विहिरीच्या गळ्यात पडून रडायचं, पण सुरात, शब्दांत. नानीबाई या विद्येची मास्तरीण. तांड्यावरच्या रीता नावाच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा आठ दिवस तिनं रीताला समोर बसवलं होतं. एक ओळ नानीबाई म्हणायची, मागून रीता. मधेच रीताला हसू फुटलं की पाठीत एक धपाटा, आणि पहिल्यापासून सुरू. पाठ झालं की नानीबाई गप्प बसायची. आता पुढची ओळ तुझी तू जोड, तुझ्या आईचं नाव घाल, तुझ्या बकरीचं घाल. रीता शाळेत चौथीत दोनदा नापास झालेली पोर. तिनं आठ दिवसांत अडीचशे ओळी डोक्यात ठेवल्या, आणि चाळीस आपल्या मनानं रचल्या.

रंजीतानं हे अकरा तास टिपून घेतलं. मधे कोंबडा आरवतो, कोणाचं तरी लेकरू रडतं, नानीबाई खोकते, सगळं त्यात आहे. मला म्हणाली, "आबा, हे शायाच हाये. पुस्तक नाई, घंटा नाई, पन शाया हाये. आनं इथं कोनी मंद नाई." ते बोलताना चेहरा असा झाला होता पोरीचा, की मी दळण तसंच ठेवून ऐकत राहिलो.

आता कागदाकडं येऊ. विद्यापीठाचा नियम असा, की ज्याचं बोलणं टिपलं त्यानं लेखी परवानगी द्यायची. रंजीतानं काय केलं? तांड्यावरच्या माणसानं जे केलं असतं तेच. नायकाकडं गेली. मदनसिंग नायक. त्यानं माणसं लिंबाखाली बोलावली, कागद वाचून घेतला, चार म्हाताऱ्यांकडं पाहिलं आणि सही ठोकली. "एकेचाळीस घरायचा होकार. घे." झालं. नायकानं शब्द दिल्यावर कोणी वेगळी सही करायची म्हणजे नायकावर भरवसा नाही असा अर्थ. ती कोण करेल? आणि मागेल तरी कोण? रंजीता किती का शिकलेली असेना, तिच्या डोक्यात ते आलंच नाही. एवढी पुस्तकं वाचली, नियम वाचला, पण 'प्रत्येकाची' हा शब्द वाचताना तिच्या डोळ्यांसमोर नायकच उभा राहिला.

मॅडमना ते कळलं, पण विद्यापीठाच्या कमिटीला कसं कळावं? महिन्याची मुदत मिळाली. प्रत्येक घराचा अंगठा किंवा सही, नाहीतर ते रेकॉर्डिंग वापरायचं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. तांडा उसाला निघून गेला होता.

आधी ही नायकाकडं गेली. तो वयामुळं आता तोडीला जात नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवून बसला.

"माही सही चालत नाई म्हंते तुही युनिवर्सिटी?"

"तसं नाई नायक. त्यायले एकेकाची पायजे."

"म्हंजे त्यायच्या तांड्यात कोनाचा शब्द कोनाले पुरत नाई." तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच फोन घेऊन बसला आणि तोडीवरच्या एकेकाला लावून ओरडला, "कमलीची पोट्टी येऊन राह्यली. अंगठे द्या. माही इज्जत गेली तं जाऊ द्या!"

रंजीता निघाली त्या सकाळी मी तांड्यावर होतो. लेकानं चक्कीचा पट्टा बदलायला काढला होता, मला काम नव्हतं, म्हणून नायकाला भेटायला गेलो होतो. पाठीवर पिशवी, पिशवीत कागद आणि निळ्या शाईचं पॅड. नानीबाई चुलीशी बसली होती. तिनं हाताची राख लुगड्याला पुसली आणि अंगठा पुढं केला.

"पयला माहा घे वं."

"तुहा अंगठा कुठं पळून जाते याडी?" रंजीता हसली. "तू तं घरचीच. बाहेरचे उरकते आधी. एस्टी चुकन माही."

"घे म्हंते ना. शाई पाहू तं दे कशी असते."

"आल्यावर दोन्ही हाताचे घेते!"

अंगठा तसाच पुढं राहिला थोडा वेळ. मग नानीबाईनं त्याच हातानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

तीन कारखान्यांवर पांगली होती माणसं. शेवटची टोळी तर कर्नाटकच्या हद्दीवर. रंजीता फडात उभी राहून अंगठे घ्यायची. हाताला उसाचा चिकटा, अंगठा धुवायला पाणी नाही, ठसा उमटेना. सख्खी आईसुद्धा अडून बसली. कमलीबाई म्हणाली, "नायकानं शब्द देल्ला ना? मंग म्या अंगठा देल्ला तं नायक खोटा पडते ना वं!" तिला समजावायला अर्धा दिवस गेला. विद्यापीठाला आईचा अंगठा हवा म्हणून आईशी भांडणारी हीच पहिली असेल.

बाराव्या दिवशी चाळीस घरं पुरी झाली. त्या दुपारी, फडातच, मदनसिंगाचा फोन आला. नानीबाई सकाळी पाणी भरायला उठली आणि हंड्याजवळच बसली ती बसलीच.

नायकानं दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. त्याहून जास्त ठेवता येत नव्हतं. रंजीता दुसऱ्या दिवशी बाराच्या एस्टीनं उतरली तेव्हा चूल सारवून झाली होती. हंडा पालथा घातला होता. ती पिशवी न उतरवताच ओट्यावर बसली. रडली नाही. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. ज्या बाईनं अर्ध्या तांड्याला रडायला शिकवलं, तिच्या दारात तिचीच पोर कोरडी बसली होती.

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा ती चक्कीवर आली. मदनसिंगही तिथंच होता, दळण टाकून बसला होता. चक्की बंद होती, लाइट गेली होती, त्यामुळं बोललेलं सगळं नीट ऐकू येत होतं.

नायक म्हणाला, "पॅड काढ. माहा अंगठा लाव तिच्या नावापुढं. नानी माह्या तांड्याची व्हती. तिचा होकार मीच देल्ला व्हता का नाई?"

मीही म्हणालो. खोटं कशाला सांगू? म्हणालो, "अंगठ्यावर काय नाव लिवलं असते बाई? कोन पाहून राह्यलं? निळा डाग तो निळा डाग."

तिनं पॅड काढलं. झाकण उघडलं. कागद काढला, नानीबाईच्या नावापुढची रिकामी चौकट दिसत होती. नायकानं अंगठा शाईत बुडवला पण! त्याचा तो जाड, चिरा पडलेला अंगठा कागदाजवळ आलेला, आणि ती त्या अंगठ्याकडं पाहत. मग तिनं कागद ओढून घेतला.

"तुमची सही त्याच्यावर आधीच हाये नायक. दोनदा नको."

"तिचंच काम हाये ना वं! तिचंच नाव राहीन!"

"नाव तिचं आनं अंगठा तुमचा. ते पाहून तिनं धपाटा घातला असता मले."

नायकाला राग आला. शाईचा अंगठा धोतराला पुसत, दळण तसंच टाकून तो निघून गेला. धोतराचा तो डाग पुढं कितीतरी दिवस त्याच्या अंगावर दिसायचा.

रंजीतानं माझ्यासमोरच मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.  मॅडम म्हणाल्या, "मग ते प्रकरण काढावं लागेल, रंजीता. माझाही इलाज नाही." रंजीता "हो मॅडम" म्हणाली. पुन्हा "हो मॅडम" म्हणाली. फोन ठेवला आणि मला विचारलं, "लाइट कधी येते आबा?" मी म्हणालो, भरवसा नाही. तरी ती बसून राहिली. दळण तर तिच्याजवळ नव्हतंच.

बासष्ट पानं काढली तिनं. त्या अकरा तासांतलं काही कोणाला ऐकवायचं नाही, असं ठरलं. प्रबंध उन्हाळ्यात गेला, पुढच्या वर्षी पास झाला. परीक्षकांनी एकच ठपका ठेवला. म्हणाले, लेकरं शाळेत अडतात ते चांगलं दाखवलं, पण तांडा आपल्या लेकरांना स्वतः काय शिकवतो, याबद्दल अभ्यासात काहीच नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी उगाच चक्कीवरचं पीठ झटकत बसलो.

तांड्यानं सत्कार केला. मदनसिंगानं राग गिळून स्वतः हार घातला, डॉक्टर रंजीता म्हणून हाक मारली. कमलीबाई रडली. रंजीता खाली मान घालून पेढे वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती ते जाड पुस्तक घेऊन माझ्याकडं आली. काळं कापडी बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं. मी सातवी शिकलेला माणूस, पण अक्षर वाचता येतं. मी पानं चाळली, मागून पुढं, पुढून मागं. कमलीबाई सापडली, मदनसिंग सापडला. शेवटी विचारलं, "मंग नानीबाई यात कुठंच नाई का वं?"

ती म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो:

"हाये ना आबा. पान एकशे बारा पाहा. 'एकेचाळीस घरांपैकी एका घराची परवानगी मिळाली नाही,' असं लिवलं हाये म्या. आनं ते खोटं हाये. याडी देत व्हती. म्याच घेतली नाई."