विसाव्याची धून

टेलरबाईंना लेकीच्या त्या व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो त्यांना कानांनी तोंडपाठ होता. गुहांमधून वाट काढणारा एक इवलासा कंदीलवाला असतो, एवढीच त्यांची माहिती. बाकी सगळं शिलाई मशीनवर बसून भिंतीपलीकडून. टिकटिक लगबगीची झाली की पोरगी संकटात. भोंगा वाजला की कंदीलवाला गेला, आणि पोरगीही रुसली. विसाव्याची खोली आली की मात्र एक हळुवार धून लागे, खेळण्यातल्या पिपाणीसारखी पातळ.

घराचा कारभार त्या धुनेवर चाले. खेळात मारलेली मजल फक्त विसाव्याच्या खोलीतच राखून ठेवता येई. एकदा हाका मारमारून घसा कोरडा पडल्यावर बाईंनी रागाच्या भरात बटणच बंद केलं. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून भिंगरीने अन्नाला हात लावला नाही. लेकीला त्या भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी बसायची ती फक्त या खेळापुढे. मग मायलेकींत तह झाला. धून वाजली की आईने हाक मारायची, आणि हाक आली की लेकीने निमूट उठायचं. दोघींनी तो इमानाने पाळला.

खेळाचे एकामागून एक भाग निघत गेले. धून दर वेळी नवे कपडे घालून यायची, कधी पियानोचे, कधी बासरीचे. बाई तिला बरोबर ओळखायच्या. त्यांचा जन्मच लोकांना नवे कपडे चढवण्यात गेलेला, आतलं माणूस त्या कशाला विसरतील?

पुढे भिंगरी तो खेळ बनवणाऱ्या कंपनीतच संगीताच्या कामाला लागली आणि दूर राहायला गेली. फोन तीच करी. बाई आपणहून कधी करत नसत. कामात असेल, मध्येच कशाला त्रास, असं म्हणत मशीन थांबवून नुसत्या फोनकडे बघत बसत. लेकीच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा, पण विचारलं तर म्हणायच्या, डोळ्यांना सुई दिसत नाही हल्ली.

यंदा ती खेळाचा नवा भाग घेऊन चार दिवस घरी आली. यातलं बरंचसं संगीत माझं आहे, ऐक हं, असं बजावून जुन्या खोलीत जाऊन बसली. बाईंचं ऊर भरून आलं. त्यांनी मनापासून स्वयंपाक केला आणि कान टवकारून ओट्याशी उभ्या राहिल्या. आतून ढोल वाजले, पन्नासेक व्हायोलिनं एकदम उसळली, भांडी थरथरली. आता लागेल, मग लागेल, असं करत बाईंनी जेवण दोनदा गरम केलं.

शेवटी भिंगरीच बाहेर आली. चेहरा पडलेला.

"आई, भूक लागून गेली. तू बोलावलंच नाहीस."

"अगं, धून कुठे वाजली?"

भिंगरी ताटावर येऊन बसली. मग तिने सांगितलं की आता खेळ क्षणोक्षणी आपला आपणच राखला जातो. विसाव्याची खोलीच उरली नाही, म्हणून धूनही काढली. कंपनीतल्या नव्या लोकांना ती पोरकट वाटायची. भिंगरी बैठकीत थोडं भांडली, मग चारचौघांच्या हो ला हो मिळवून मोकळी झाली. जुने खेळाडू आता बोंब मारताहेत, की हा आमचा कंदीलवालाच नव्हे. बाईंना त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

"मग तुला हाक कधी मारायची?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने ताटातून मान वर केली नाही. भात कालवत म्हणाली, "मध्येच मार. आता काही बुडत नाही."

ती गेली आणि घर खायला उठलं. बाई पुन्हा फोनकडे बघू लागल्या. एका दुपारी एका पँटला चेन लावता लावता त्यांनी सुई तशीच टोचून ठेवली आणि नंबर लावला. पलीकडे तेच ढोल कडाडत होते.

"आई? काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

ढोल एकदम बंद झाले.

"उठते," भिंगरी म्हणाली, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज बाईंना नीट ऐकू आला.