दोन बोटं सुटीवर

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना सगळे ‘टिकटिक’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. दुकानात काम नसलं की ते मँडोलिन काढत आणि तेही घड्याळासारखंच वाजवत. चार बोटांनी आठही तारा दाबायच्या, जोरात एक झटका द्यायचा, बोटं लगेच सैल सोडायची. खट्! त्यांच्या वाद्यमेळातले अकॉर्डियनवाला आणि व्हायोलिनवाला त्या ‘खट्’वर डोळे मिटून चालत. मास्तरांना याचा गर्व होता, आणि का नसावा? तीस वर्षांत हात चुकला नव्हता.

त्यांची थोरली बहीण, ताई, याच वाद्यमेळात गायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज निम्माच परत आला. “रविवारी वाचनालयातल्या कार्यक्रमात एक गाणं म्हणून बघते. नाही जमलं, तर कायमचं बंद,” ती म्हणाली. नेमकी तेव्हाच मास्तरांच्या मँडोलिनची मान निखळली. त्यांनी दुसरी मागून आणली, सपाट पाठीची, मध्ये गोल भोक असलेली.

तालमीत ताईचे नुसते ओठ हलताना दिसले. तिने गळ्यावर हात ठेवला. “गेला रे आवाज. उगाच हट्ट केला मी.”

मास्तरांनाही तसंच वाटलं होतं, आणि पुढे त्याची त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात वाजवत बसले. जुन्या मँडोलिनवर दोन झटक्यांच्या मध्ये भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक ऐकू यायची. आज येईना. बोटं सोडली तरी हे वाद्य घुमतच होतं; तालमीत ताईचा आवाजही याच घुमण्यात बुडाला होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण खरंच वेगळं होतं. पण पाऊल बदलायचं होतं मास्तरांनीच.

त्यांनी दोन बोटं उचलली. जाड तारांच्या दोनच जोड्या, हलक्या हाताने. बारीक तारांना हातच लावायचा नाही, त्या उंच सुरांत ताईचा आवाज होता. करंगळी सवयीने सारखी खाली येई. टिकटिक नीट ऐकू येईपर्यंत त्यांनी घोटलं.

रविवारी ताई ‘एकदाच म्हणून बघ’ या भावाच्या शब्दाखातर उभी राहिली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“शेवटच्या कडव्यात बेसूर झाले ना रे?”

“झालीस. पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.”

ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.