खबर नाही, म्हणजे बरं

जव्हारच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. शनिवारी जामसरजवळच्या आमच्या पाड्यावर गेले, की आय नागलीच्या भाकरी थापता थापता विचारायची, "या आठवड्याला इंग्रज काय म्हनला?" मी एखादी म्हण सांगायचे आणि आय नि धाकटा भाऊ मिळून तिची टर उडवायचे. मुसळधार पावसाला इंग्रज कुत्री-मांजरं पडतात म्हणतो, हे ऐकून आय म्हणाली, "पडूं दे. पन त्यांना खायाला कोन घालील?" सोप्या कामाला ते केकचा तुकडा म्हणतात, हे तर भावाला फारच आवडलं. भरपावसात, कंबर मोडेस्तोवर भात लावताना तो चिखलातून ओरडायचा, "ताई, केक खायाला ये." मला राग यायचा आणि हसूही.

एकच म्हण आयने जशीच्या तशी घेतली. 'नो न्यूज इज गुड न्यूज.' खबर नाही, म्हणजे सगळं बरं. "हा इंग्रज आपल्यातला हाय," ती म्हणाली. दिवाळीनंतर आमची माणसं कामासाठी बाहेर पडतात. त्याला आम्ही जगायला जाणं म्हणतो. तिकडून फोन आला, तर तो कुणी दगावल्याचाच. मोबाईल घरोघरी आले, तरी ही रीत सुटली नाही. भाऊ भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, तेव्हा एक फोन करायला याचं काय जातं, म्हणून मी कुरकुर करायचे. आय निवांत असायची. "नाय ना आला? मंग बरा हाय."

गेल्या वर्षी होळीच्या तोंडावर फोन आला. भाऊ गेला होता.

नंतर त्याच्याबरोबर भट्टीवर असलेला आमच्याच पाड्यावरचा जोडीदार घरी आला आणि उंबऱ्याशी बसला. भाऊ बरेच दिवस तापाने फणफणत होता, म्हणाला. दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला. पडल्या पडल्या फोन हातात घ्यायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा.

"मी म्हनला, लाव घरी. तर म्हनं, नको. फोन वाजला का आयला वाटंल मी मेलो. भियेल ती."

मला त्या रीतीची, त्या म्हणीची, सगळ्याचीच चीड आली. असल्या शहाणपणाला आग लागो. आय उठून आत गेली. मग जोडीदारापुढे पाण्याचा तांब्या ठेवून हळूच म्हणाली,

"भ्याले असते ना, पोरा. भीत भीत गेले असते त्याच्याजवळ."