साडूचे ओले डोळे

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांची आग होते? खुपतं?" आणि मी धडधडीत खोटं बोललो. "छे हो!"

जळगावच्या डाळमिलमध्ये धूळ खात बसायचो आणि रोज डोळे चोळत घरी यायचो. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा घालवायच्या लेझरला नकार दिला असता. साडू पास आणि मी नापास? जमणार नव्हतं.

साडूने वर्षभर आधी चष्मा काढला होता आणि धुळ्याला, आमच्या सासुरवाडीत, त्याचा भाव वधारला होता. सासूबाई म्हणाल्या, "चेहरा कसा मोकळा दिसतो!" माझ्या चेहऱ्याकडे बघून अकरा वर्षांत त्या एकच वाक्य बोलल्या होत्या. "जेवले का?"

माझा नंबर गेला, अगदी साफ. त्यासोबत डोळ्यांतला ओलावाही गेला. पापणी हलवली की आत काचपेपर फिरायचा. "आधीपासून त्रास होता तर सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले आणि थेंबांची बाटली लिहून दिली. साडूला काही म्हणजे काही झालं नव्हतं. धुळ्याच्या उन्हातही त्याचे डोळे धुतलेल्या द्राक्षांसारखे!

मग धाकट्या मेहुणीचं लग्न आलं. तिला स्कूटी मी शिकवली होती, स्वतःचा गुडघा फोडून घेऊन. पाठवणीला पहिलं रडायचा मान माझा. मी डॉक्टरांना विचारूनही ठेवलं होतं, "रडताना येईल ना पाणी?"

"ते येतं," ते म्हणाले होते.

पण माझ्याआधी साडूच सुरू झाला. धो धो. सासऱ्यांनी त्याला छातीशी धरलं. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही, नुसती आग. येणार कुठून? नवरीकडे मी बघतच नव्हतो. पापणी न लवता साडूच्या गालांवरचे ओघळ बघत होतो.

शेवटी फुलांनी सजवलेल्या गाडीमागे गेलो, दोन्ही डोळ्यांत चार-चार थेंब पिळले आणि गाल ओले करून बाहेर आलो. एक हुंदकाही दिला. मेहुणी गळ्यात पडली, "भाऊजी!" सासऱ्यांचा हात माझ्या खांद्याकडे निघाला.

तेवढ्यात गाडीच्या मागच्या दाराची काच खाली झाली. पाठराखीण म्हणून आधीच आत बसलेली आजेसासू सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलली, "जवाईबापू, रडू येत नही तर ऱ्हाऊ द्या ना! बाटलीमाईन कसाले आणतस?"