तिसऱ्या गाण्यातली हाक

आमच्या बँडच्या पहिल्या अल्बमवर जे काही लिहून आलं, त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझ्याबद्दल नाही. ते आप्पांबद्दल आहे, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. एका वेबसाइटवरच्या समीक्षकाने लिहिलं होतं की तिसऱ्या गाण्यात मध्येच एक शब्दांवाचूनची हाक येते, ती सोडली तर या पोरांकडे स्वतःचं असं फारसं काही नाही. बाकीची गाणी ऐकायला बरी, वाजवणं नीटनेटकं, भावना उसन्या. वाचून आधी माझं डोकं फिरलं. त्याला चार शिव्या घातल्या आणि पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की मला राग त्याचा नाही, आप्पांचा येतोय. साठी ओलांडलेला, मेंढरांमागे फिरणारा माझा बाप, ज्याने जन्मात माइक हातात धरला नाही, त्याच्यावर मी जळत होतो. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, हायवेला लागून. थोडी कोरडवाहू जमीन, मेंढरांचा कळप आणि त्यात चार-दोन शेळ्या, एवढा आमचा पसारा. मी पुण्याला शिकायला गेलो, शिक्षण राहिलं बाजूला आणि आम्ही चौघांनी बँड काढला. कीबोर्ड वाजवणारी एक मुलगी, ड्रम आणि बेसवाले दोघे, आणि गिटार घेऊन गाणारा मी. त्या तिघांची घरं पुण्यातच. त्यामुळे बँडला माती पुरवायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मुलाखतीत गावाचा विषय निघाला की तिघं माझ्याकडे बघायचे आणि मी दोन वाक्यांत 'लई' आणि 'हाय' पेरून मोकळा व्हायचो. एरवी हेच शब्द पुण्यात चुकून तोंडून निघू नयेत म्हणून मी जिभेवर पहारा ठेवलेला असायचा.

आप्पांच्या हाकेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते आणि कळप फक्त आपल्या धन्याची ओळखतो. आप्पांची हाक म्हणजे आधी जिभेची टर्रर्र, मग एक लांब 'होऽऽ', जो शेवटी खाली उतरून एकदम तुटतो. तिचा अर्थ एकच, चला, निघायचंय. हायवेपलीकडच्या रानात चरणं झालं की आप्पा आधी एकटे रस्ता ओलांडून गावाच्या बाजूला येतात. दोन्हीकडे बघतात, गाड्यांची रांग सरू देतात आणि मग हाक देतात. पलीकडून आधी म्होरकी निघते, म्हणजे कळपापुढे चालणारी घंटेवाली शेळी, आणि तिच्यामागे सगळा कळप एका दमात पार होतो. ट्रक-टँकरच्या त्या रस्त्यावर आप्पांचं एकही जनावर कधी गाडीखाली गेलं नव्हतं. बाजारात दुसरे मेंढपाळ हे बोलून दाखवायचे आणि आप्पा ऐकू न आल्यासारखं करून ऐकायचे.

अल्बमचं काम चालू असताना मी दिवाळीला घरी आलो होतो. रानात आप्पांच्या मागे मागे फोनवर आवाज रेकॉर्ड करत फिरत होतो.

"कावून भरायलास रे हे?" आप्पांनी विचारलं.

"असंच. तिकडं ऐकायला," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, पोराला पुण्यात करमत नाही. विनाकारण हाक द्यायची नाही हा त्यांचा नेम होता, जनावरांशी खोटं बोलू नये म्हणायचे. पण त्या दिवशी ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, घसा साफ केला आणि काही गरज नसताना पूर्ण हाक दिली. मेंढरं धावत आली. "काई न्हाई, चरा," म्हणत त्यांनी त्यांना परत पिटाळलं आणि मला विचारलं, "नीट आलं का? न्हाईतर आनखी एकडाव देतो." अल्बममध्ये आहे ती हीच हाक.

स्टुडिओत ती ऐकल्यावर कीबोर्डवालीने विचारलं, "कुणाचा आवाज आहे हा?" मी म्हणालो, "आहे गावाकडचा एक माणूस." मला कुणी दरडावलं नव्हतं, घाई नव्हती, खोटं बोलून काही मिळणारही नव्हतं. वडील मेंढरं राखतात हे त्या तिघांना मोघम माहीत होतं, पण मी ते नेहमी 'शेती आणि थोडं पशुपालन' असं सांगायचो. श्रेयनामावलीत आम्ही लिहिलं, 'हाक: ग्रामीण ध्वनिमुद्रण'. हे शब्द माझेच.

त्या वेबसाइटनंतर एका पुरवणीतही परीक्षण आलं. त्यात त्या हाकेवर अख्खा परिच्छेद होता. दुष्काळी भूमीवर हरवत चाललेल्या मेंढपाळाचा विलाप, असं काहीसं. मी कात्रणाचा फोटो घरी पाठवला. मग पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा आप्पा जेवता जेवता म्हणाले, "विलाप म्हंजी काय असतंय?"

"रडणं."

"मी मेंढरं बोलावलीत. रडलो कवा?"

आई हसली. मीही हसलो. मग मी त्यांना समजावून सांगायला लागलो की कलेत असं असतं, ऐकणाऱ्याला जे जाणवतं तेही खरं असतं. आप्पा भाकरी कुस्करत "बरं" म्हणाले. एवढा वेळ मला ऐकून घेणारा श्रोता मला पुण्यात कधी मिळाला नाही.

तोवर गाणं गावात पोचलं होतं. कुणाच्या रिंगटोनला, कुणाच्या रीलला. पारावर फोन वाजला की आमची मेंढरं माना वर करायची, कधी दोन-चार तिकडे पळायची आणि लोक खो खो हसायचे. सुरुवातीला आप्पाही हसले. "आमची जनावरं लई शौकीन झालीत," म्हणाले. पण आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते लावायचं बंद करायला सांग लोकांला. जनावरं फसायलीत. परवा म्हाताऱ्यानं दोनदा हाक दिली तवा उठली."

"अगं, नाव व्हायलंय," मी म्हणालो. "आठ दिवसात विसरतील सगळे."

विसरले नाहीत, कारण मीच विसरू दिलं नाही. परीक्षणांमुळे तिसऱ्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं आणि तो खऱ्या जागी करायचा म्हणून मी तिघांना गावी घेऊन आलो. ड्रोन, मोठा स्पीकर, सगळा लवाजमा. आईने त्यांना पिठलं-भाकरी वाढली, आप्पा आधीच रानात गेले होते. बँडला आप्पा अजून दिसलेच नव्हते आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हाक कुणाची ते कळलं असतं तर मग आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता.

हायवेपलीकडच्या मोकळ्या रानात आम्ही उभे राहिलो. ऊन उतरत आलं होतं, हवा तो उजेड मिळाला होता आणि मला फक्त फ्रेम दिसत होती. कळप लांब रस्त्याच्या कडेला जमत होता, तोही फ्रेममध्ये छान येत होता. आप्पा रस्ता ओलांडून गावाच्या बाजूला गेलेले मी पाहिले. पाहिले आणि तरी स्पीकरचं बटण मीच दाबलं. ओठ जुळवायला गाणं मोठ्याने लागतं.

आप्पांनी हाक दिली. कळप निघाला, म्होरकी रस्त्याच्या मधोमध पोचली आणि नेमकी तेव्हाच आमच्या स्पीकरमधून तीच हाक आली, आप्पांच्या किती तरी पट मोठी. म्होरकी थांबली. तिने एकदा पुढे बघितलं, मग वळली आणि आमच्याकडे परत निघाली. तिला दोष कसा देणार, आप्पांचा आवाज सगळ्यात आधी तीच ओळखायची. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला होता, पण ट्रक तेवढ्यात थांबत नाही. बाकीची मेंढरं दोन्ही कडांना फुटली. मी स्पीकर बंद करायला धावलो, पण बोटांना बटण सापडेना आणि रस्त्यावर म्होरकी पडलेली असताना गाण्याचं उरलेलं कडवं माझ्या आवाजात चालूच राहिलं.

आप्पा आले. शेळीजवळ बसले, तिच्या गळ्यातली घंटा सोडली. ट्रकवाला हात जोडून काहीतरी बोलत होता, त्याला म्हणाले, "तुमची चूक न्हाई. जावा तुमी." मग उठून आमच्याकडे बघितलं.

"पोरांनो, कुनाला लागलं न्हाई ना?"

आवाज ऐकला आणि कीबोर्डवाली मुलगी थबकली. संगीतातला तिचा कान पक्का आहे. तिने आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, ती हाक तुमची आहे?" तिने विचारलं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "यानं भरून नेली. तिकडं याला करमत न्हाई."

पुण्याला परतताना गाडीत कीबोर्डवालीने एकदाच काही विचारलं, ते बेसवाल्याला, खिडकी थोडी खाली करू का म्हणून. मला भूक लागली होती हे मला आठवतं आणि त्याचीही लाज वाटते.

व्हिडिओ आम्ही सोडून दिला. तिसऱ्या गाण्यातून हाक काढून टाकू या असं मी म्हणालो, तिघांनी लगेच होकार दिला. अल्बमची नवी प्रत चढवली. काही जणांनी विचारलं की सगळ्यात चांगला भाग का काढलात. पण लोकांच्या फोनमधून ती कशी काढणार? गेवराईत चहा प्यायला थांबलो तरी कुठून तरी ती वाजते आणि माझे कान तापतात.

आई फोनवर म्हणाली की जुनी हाक आता जनावरं ऐकेनात, रोज कुठं ना कुठं वाजते आणि निघायचं काही नसतं, मग ती कशाला उठतील. म्हातारा नवी बसवायला लागलाय, म्हणाली. मूठभर दाणे दाखवायचे आणि हाक द्यायची, दाणे दाखवायचे आणि हाक द्यायची. एक तरणी शेळी पुढं चालायला शिकायलीय.

गेल्या महिन्यात घरी गेलो. एसटीतून फाट्यावर उतरलो तर आप्पा समोर रस्त्याच्या कडेला उभे होते, पाठ माझ्याकडे, हात तोंडाशी. पलीकडून तरणी शेळी निघाली होती, मागे कळपातली निम्मी मेंढरं. गाड्यांच्या आवाजात मला काही ऐकू येईना म्हणून मी झपाझप जवळ गेलो. पायांची चाहूल लागली आणि आप्पांनी वळून बघितलं. हात खाली आला.

"आलास का," ते म्हणाले.

"आलो. द्या की हाक, राहिलीत ना अजून."

आप्पांनी माझ्या खिशाकडे बघितलं. मी फोन काढला, त्यांच्यासमोर बंद केला आणि पिशवीत तळाशी टाकला. त्यांनी मान हलवली, रागाने नाही, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. मग रस्ता मोकळा बघून ते स्वतः पलीकडे गेले आणि राहिलेली मेंढरं काठीने हाकत, गाड्यांना हात दाखवत, थोडी थोडी करून अलीकडे आणू लागले.