सांभाळून या

मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! जिवंत माणसाचे निदान दात पडतात, पोट सुटतं, कधी तो चारचौघांत घोरतो. मेलेल्याचं तसं काही होत नाही. तो फोटोत बसला की बसलाच. बायकांच्या या दुखण्याला सवतीमत्सर असा भारदस्त शब्द तरी आहे. पुरुषाला झालं तर नावसुद्धा नाही. किलुंग बंदरातल्या शुईमूला ते झालं होतं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, आणि तेही उबदार बेटांवर मजा करायला निघालेल्या जहाजावर.

शुईमू छत्तीस वर्षं बंदरात दोर पकडायच्या कामाला होता. जहाज धक्क्याला लागताना वरून मांडीएवढा जाड दोर खाली येतो. तो ओढायचा, लोखंडी खुंटाला अडकवायचा आणि जहाज निघालं की सोडायचा. कितीतरी देशांची जहाजं त्याने बांधली नि सोडली, चढला मात्र एकावरही नाही. भोंग्यांनी त्याचा डावा कान निम्मा नेला होता. पहिली बायको अलान बारा वर्षांपूर्वी वारली. घरात पूर्वजांच्या पाट्यांशेजारी तिचंही नाव होतं, आणि पुढ्यातल्या भांड्यात रोज उदबत्ती लागायची. पूर्वी शुईमू लावायचा. दोन वर्षांपूर्वी पाओचूशी लग्न झालं तसं ते काम तिच्याकडे गेलं.

पाओचूचं मासळीबाजारामागे केस कापायचं दुकान होतं. डोक्यावर मोजके केस उरलेले असताना दर आठवड्याला केस कापायला येणारा माणूस बघून तिला काय ते समजलं होतं. तीही विधवाच. तिचा पहिला नवरा वेनश्युंग हा शाळामास्तर. उंच, तिरकी टोपी घालणारा, नाचणारा, फाडफाड जपानी बोलणारा. हे सगळं शुईमूला दुकानातल्या बायकांनी मीठमसाला लावून सांगितलं होतं. पाओचू स्वतः मास्तराबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि शुईमूला तेच जास्त लागायचं. ज्याच्याबद्दल बोलतच नाही, त्याच्याबद्दल केवढं मनात असेल!

लग्नानंतर दोघं कुठे फिरायला गेली नव्हती. या वसंतात पाओचूनेच जहाजाची तिकिटं काढली. इशिगाकी, मियाको, मग नाहा, अशी जपानी बेटं, आणि परत. शुईमूला फक्त एकच गोष्ट हवी होती. एवढे दिवस तरी तिच्या मनात आपण एकट्याने असावं. तिसरा कुणी नको.

निघायच्या दिवशी धक्क्यावर त्याचे जुने सोबती दोर धरून उभेच होते.

"ए शुईमू! नवरदेवा! आज दोर सोडायला विसरलो तर?"

"विसर! बायको बरोबर आहे, इथेच राहू!" शुईमू ओरडला आणि छाती काढून शिडीवर चढला. तेवढ्यात डाव्या बाजूने पाओचू काहीतरी पुटपुटली. अर्ध्या कानाला अर्धंच ऐकू आलं. "...पूल आलाय. सांभाळून या."

शुईमू विरघळला. घरात ती त्याला म्हाताऱ्या माकडाशिवाय हाक मारत नसे. किलुंगमधल्या निम्म्या बायका नवऱ्याला माकडच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जहाजावर पाय ठेवला नि एकदम "या"!

"येतोय की," तो मऊ आवाजात म्हणाला.

"तुला कोण म्हणतंय? तू चल, माकडा. मागे लोक खोळंबलेत."

आणि तिने हात गळ्याशी नेला. गळ्यात लाल कापडाची पुडी होती. ती बघून शुईमूचा पाय शिडीवर जड झाला. अशी पुडी काय असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गेलेल्या माणसाला कुठे न्यायचं, तर त्याच्या उदबत्तीच्या भांड्यातली चिमूटभर राख अशी बांधून घेतात. आणि वाटेत पूल आला की त्याला तसं सांगतात, नाहीतर तो पाण्याच्या अलीकडेच उभा राहतो. आता जहाजाची शिडी म्हणजे तरी पाण्यावरचा पूलच.

म्हणजे मास्तरसाहेबांना घेऊन आली होती. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीवर! आणि त्यांना "सांभाळून या", आणि आपल्याला "चल, माकडा". शुईमूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विचारावं असं दहादा वाटलं, पण विचारल्यावर ती "हो" म्हणाली असती तर? म्हणून तो गप्प बसला. गप्प बसलेल्या माणसाचा मत्सर फार खातो, फार वाढतो.

इशिगाकीला उतरताना पुन्हा तेच. तो मुद्दाम उजवा कान तिच्याकडे करून उतरायला गेला, तर ती बाजू बदलून पुटपुटली. शिडीपुरतं असतं तरी त्याने सोसलं असतं. पण बंदरापासून त्यांना म्हशीच्या गाडीत बसवून गावातून फिरवलं, तेव्हा पाओचू त्याला म्हणाली, "जरा सरक ना. इकडे थोडी जागा राहू दे."

"कुणाला?"

"राहू दे म्हटलं ना."

शुईमू सरकला. तंतुवाद्य वाजवत गाडीवाला गात होता, दोन्ही बाजूंना लाल फुलं होती, हवेत मऊ ऊब होती आणि शुईमू बाकाच्या कडेला अर्ध्या ढुंगणावर बसून मनात मास्तराला शिव्या घालत होता. मेल्यावरही ऐसपैस बसतो लेकाचा!

गाडीतून उतरल्यावर एका झाडाखाली अननस कापून देत होते. पाओचूने सगळ्यांत चांगली फोड बाजूला काढली, तिच्यावर मिठाची चिमूट टाकली आणि कागदावर नीट ठेवली.

"ही कुणाची?"

"असू दे. तू तुझी खा."

ती पाणी आणायला गेली. शुईमूने इकडेतिकडे बघितलं आणि ती मीठ लावलेली फोड उचलून दोन घासांत संपवली. मीठ लावून अननस खातो म्हणे, शहाणा! चव मात्र ओळखीची वाटली. कुठली ते आठवायला तो थांबला नाही, कारण पाओचू परत आली होती.

"खाल्लीस?" ती रिकाम्या कागदाकडे बघत राहिली. "माकड ते माकडच. दुसऱ्याच्या तोंडचं काढून घेतलंस."

ती रागावली याचा त्याला आनंद झाला. त्या दिवसात झालेला तेवढाच.

दुसऱ्या दिवशी मियाकोच्या पांढऱ्या वाळूत त्याने गवती टोपी विकत घेतली आणि आरशासमोर ती तिरकी करून बघितली. पाओचू हसून हसून वाकली. "अरे, टोपली पालथी पडल्यासारखी दिसतेय डोक्यावर!" मास्तराच्या टोपीला कधी हसली असेल का, असं मनात येऊन त्याने टोपी काढली ती परत घातली नाही. संध्याकाळी जहाजावर नाच शिकवत होते. पाओचूची पावलं आपसूक पडत होती, कोणी शिकवली ते उघडच होतं. शुईमू भिंतीशी बसून शेंगदाणे खात राहिला. ती दोनदा बोलवायला आली. तो म्हणाला, "तुझ्याबरोबर नाचायला आहे ना माणूस."

"कुठला माणूस?"

"तुलाच ठाऊक."

तिला काही कळलं नाही, की कळूनही तिने विषय टाळला, हे त्याला समजेना. झोपतानाही ती पुडी उशीशेजारी होती. खोली दोघांची, आत तिघं.

नाहाला उतरताना तिचं पुटपुटणं झालंच, पुढे मात्र काहीतरी निराळं झालं. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि पाओचू सकाळपासून खुशीत होती. बाजारात तिने डुकराच्या तोंडाचं मांस मागवलं, शुईमूला भरवलं, विक्रेत्याशी खाणाखुणांनी घासाघीस केली आणि हरली तरी हसत सुटली. गर्दीत दोघांची चुकामूक होऊ लागली तसा शुईमूने तिचा हात धरला. रस्त्यात, भरदिवसा, सगळ्यांसमोर. दोन वर्षांत पहिल्यांदाच. तिने सोडवून घेतला नाही. वेळ विसरून हिंडली, मग धापा टाकत धक्क्यावर आली आणि हातात हात तसाच ठेवून शिडी चढली.

शुईमूचा उजवा कान तिच्याकडे होता. त्याने श्वास रोखून ऐकलं. पूल आलाय नाही, सांभाळून नाही, या नाही. काहीच नाही!

राहिला! मास्तर नाहाला राहिला! शुईमूला वाटलं आपण उडतोय. त्याने वर डेकवर जाऊन आंब्याची दोन आइस्क्रीमं आणली, कठड्यापाशी उभं राहून खाली बघितलं आणि धक्क्याच्या दिशेने मनातल्या मनात हातही हलवला. राहा सुखाने. जपानी येतंच तुला.

"खा ना, विरघळतंय," तो वळून म्हणाला.

पाओचू खात नव्हती. लाल पुडी मुठीत धरून ती उभी होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

"मी हाक मारली नाही," ती म्हणाली.

"मग काय झालं!" शुईमू उदारपणे म्हणाला. "मास्तर शिकलेला माणूस आहे. काढेल वाट."

"कोण मास्तर?"

"तुझा. वेनश्युंग."

पाओचू त्याच्याकडे बघतच राहिली. "तो कशाला येईल इथे? त्याला होडीतही बोट लागायची. जन्मात कधी जहाजावर चढला नाही. त्याची पाटी ताइनानला त्याच्या भावाकडे आहे, तिथे आहे तो सुखात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी ताईंना आणलं होतं. तुझ्या अलानला."

शुईमूच्या हातावर आइस्क्रीम ओघळलं.

"निघायच्या आधी कौल लावला मी त्यांच्यापुढे," ती सांगू लागली. "म्हटलं, ताई, तुमच्या नवऱ्याला घेऊन चार दिवस जाऊन येते. लाकडाचे दोन्ही तुकडे पालथे. नाही म्हणाल्या. परत टाकले, परत पालथे. तिसऱ्यांदा दोन्ही उताणे. हसल्या मला! मग म्हटलं, बरं, तुम्हीही येता का? तर एक उताणा, एक पालथा. पहिल्या फटक्यात 'हो'. काय करणार? मोठ्या त्या. 'या' म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू चार दिवस त्यांच्याशीच बोलत बसला असतास."

तिने मुठीतली पुडी फिरवली. मग एकदम म्हणाली, "आणि मी विसरले नाही हां. विसरले म्हणून सांगणार होते, पण नाही विसरले. तू हात धरला होतास. म्हटलं, एकदा तरी आपण दोघंच चढू. मेलेल्या बाईचा मत्सर केला मी. हस हवं तर."

शुईमूला हसू आलं नाही. त्याला मिठाची चव आठवली. अननसाला मीठ अलान लावायची. हे त्यानेच कधीतरी पाओचूला सांगितलं होतं, आणि सांगून स्वतः विसरून गेला होता. धक्क्यावर दुपारचा डबा घेऊन आली की अलान मोठ्या जहाजांकडे बघत उभी राहायची, "आत कसं असतं रे?" असं दर वेळी विचारायची, आणि तो म्हणायचा, "जहाजासारखं." चार दिवस ती त्याच्या मागून चढत होती, उतरत होती. बाकावर तिच्यासाठी जागा केली, तर त्याने शिव्या घातल्या. तिच्या वाट्याची फोड त्याने खाल्ली. ज्याच्यावर जळफळला तो मास्तर तर घरातून हललाही नव्हता.

खाली दोरवाले खुंटांपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना बघताच शुईमू भानावर आला. दोरवाले उभे राहिले म्हणजे आता शिडी उचलणार, हे जहाजावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"चल!" त्याने पाओचूला ओढलं. लिफ्टची वाट न बघता दोघं जिने उतरत सुटली. शिडीच्या दारात पोचली तेव्हा खलाशाने साखळी हातात घेतली होती. शुईमूने दोन्ही हात जोडून त्याला थांबवलं. भाषा येत नव्हती, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून खलाशी थांबला.

"हाक मार," शुईमू म्हणाला.

"माझी नाही ऐकायच्या आता," पाओचू म्हणाली. "तू मार."

बारा वर्षांत त्याने ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घसा खाकरला. मग आवाज आला तो त्याच्या ओळखीचा होता, पण पाओचूने कधी ऐकलेला नव्हता. हळू, थोडा दटावणारा, तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा.

"अलान. अगं अलान, चल ना. किती बघत उभी राहशील? हे जहाज आतून बघायचं होतं ना तुला? ये. पूल आहे हां, लोखंडी आहे, पाय घसरतो. डावा गुडघा जपून. घाई नको करू, मी थांबलोय."

तो खरंच थांबला. एका म्हाताऱ्या बाईला दुखऱ्या गुडघ्याने ती शिडी चढायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग खलाशाकडे बघून त्याने मान हलवली. साखळी लागली, दार मिटलं, बाहेर दोर सुटल्याचा आवाज आला. शुईमूने वळून बघितलं.

पाओचूने गळ्यातली पुडी काढून त्याच्या गळ्यात घातली आणि शर्टाच्या आत नीट सरकवली.

"आल्या," ती म्हणाली.

"आली."

ती लिफ्टकडे चालू लागली. त्याने धावत जाऊन तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"मला अशी हाक कधी मारली नाहीस," ती म्हणाली.

"मारीन की."

"हो," पाओचू म्हणाली. "मेल्यावर."